समुद्रात गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन का थांबतं?

मालवण, देवबागकडची मंडळी मला हमखास विचारतात: होडीवर गेलेल्या माणसाचं लाइव्ह लोकेशन एकाच जागी अडकलं, म्हणजे होडी बंद पडली का?

तसं समजू नका. फोन आपली जागा जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलवरून ओळखतो, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. पण ती जागा तुमच्यापर्यंत पोचवायला इंटरनेट लागतं. किनाऱ्यावरचे टॉवर मागे पडले की ठिपका शेवटच्या जागेवरच राहतो. म्हणून ठिपक्याआधी तो कधी अपडेट झाला ती वेळ बघा.

मुदतीचे पर्याय तीनच: 15 मिनिटं, 1 तास, 8 तास. मुदत संपली की शेअरिंग आपोआप बंद होतं. रात्रभराच्या मासेमारीला 8 तासही कमी पडू शकतात. ‘लास्ट सीन’ ही तर फक्त व्हॉट्सअ‍ॅप शेवटचं वापरल्याची वेळ.

इस्रोने विकसित केलेलं ‘डॅट’ यंत्र संकटाचा संदेश थेट उपग्रहामार्फत पाठवतं, त्यामुळे ते रेंजबाहेरही चालतं. फोनच्या भरवशावर राहायचं असेल, तर निघतानाच दिशा आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवा. वेळ टळली आणि संपर्क होत नसेल, तर ठिपका हलायची वाट न बघता तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर फोन करा.