मध्यरात्रीचे सोनेगाव

मुंबई आणि नागपूर या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. आज जेट विमानाला दीड तास लागतो. जुन्या डाकोटा विमानाला जवळपास तीन तास लागत. या अंतराचे खरे मोल कळले ते जानेवारी १९४९मध्ये. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. चारही शहरे नागपूरपासून ७०० ते १००० किलोमीटरांच्या टप्प्यात असल्यानेच हे वेळापत्रक जमले. नकाशावरचे मध्यवर्ती स्थान इतके कामी क्वचितच येते. १९५३मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली.