मृगया व मानवी गंध
मृगया व मानवी गंध : हरणांची शिकार करताना माणसाचा गंध त्यांच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून निरनिराळ्या काळी योजलेल्या उपायांचा येथे परामर्श घेतला आहे. हरणाच्या नाकपुड्यांभोवतीची त्वचा ओलसर असल्याने गंधरेणू टिपण्यास मदत होते. नासापोकळीतील गुंडाळीसारख्या पातळ अस्थींमुळे आतील आवरणाचा विस्तार पुष्कळ वाढतो. माणसाच्या घामावर त्वचेवरील सूक्ष्मजंतूंची क्रिया होऊन बाष्पनशील द्रव्ये निर्माण होतात व ती वाऱ्याबरोबर पसरतात. संशयास्पद आकृती दिसल्यास हरिण पुष्कळदा थबकून न्याहाळते. माणसाचा वास येताच मात्र ते बहुधा पळ काढते.

फ्वाचा काउंट तिसरा गास्ताँ (फेब्यूस) याने १३८७ मध्ये लिहावयास घेतलेल्या फ्रेंच मृगयाग्रंथात डहाळ्यांनी झाकलेल्या गाडीतून हरणांजवळ जाण्याची रीत वर्णिली आहे. थेओडोर द ब्रीने १५९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चित्रात फ्लॉरिडातील टिमुक्वा शिकारी हरणाची कातडी पांघरलेले दिसतात. भारतात काळविटांजवळ जाण्यासाठी बैलगाडीचा उपयोग करीत. शेतातील गाड्या परिचित असल्याने कळप सहसा बुजत नसे. चित्त्यांकरवी होणाऱ्या शिकारीतही, शिकवलेला चित्ता गाडीतूनच कळपाजवळ नेत. या युक्त्या मुख्यत्वे दृष्टीस फसविणाऱ्या होत्या. गंधाच्या बाबतीत खरा उपाय एकच होता : वारा समोरून घेत पुढे सरकणे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात या तंत्राचा विशेष विकास झाला. विल्यम स्क्रोप याच्या १८३८ च्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन आढळते. शांत हवामानात ऊन तापल्यावर उतारावरील हवा वर चढते, तर सायंकाळी ती थंड होऊन खाली वाहते. खोऱ्यांत वारा भोवऱ्यासारखा फिरतो. त्यामुळे अनेकदा लांबचा वळसा घ्यावा लागे व वारा फिरताच कित्येक तासांचे श्रम वाया जात. भारतात मचाणावर बसल्याने गंध काही अंशी हरणांच्या डोक्यावरून जाई. परंतु मचाणाची जागाही वारा पाहूनच निवडावी लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस सक्रियित कोळशाचा थर दिलेले कपडे प्रचारात आले. तथापि श्वास, केस व पादत्राणे यांचा गंध उरतोच.

भारतात १९७२ चा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हरणांच्या शिकारीस बंदी आली. वाऱ्याचे हे ज्ञान आता प्राणिनिरीक्षक व छायाचित्रकार यांना उपयोगी पडते.