शास्त्रीय ग्रंथांतील पूर्वपक्ष

शास्त्राला वक्तृत्वाची गरज नाहीं, पुरावा आपण होऊन बोलतो, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा १८५९ सालचा ग्रंथ पाहिल्यास हा समज टिकत नाहीं. त्याचें पहिलें प्रकरण पाळीव प्राण्यांचें आहे. शौकीन लोक निवडीनें कबुतरांच्या नाना जाती घडवितात, हें एकदां पटलें म्हणजे निसर्गांतही निवड होते, हें मानावयास वाचकाचें मन तयार होतें. पुढें सहाव्या प्रकरणांत ग्रंथकार स्वतःच आक्षेप मांडतो. मधल्या अवस्थेंतील प्राणी कोठें गेले? डोळ्यासारखें इंद्रिय क्रमाक्रमानें कसें घडलें असेल? आपले नैयायिक ज्याला पूर्वपक्ष म्हणतात, तोच हा. अल्प बदलांच्या मालिकेनें घडणें अशक्य असा एकही अवयव कोणीं दाखविला, तर आपली उपपत्ति कोसळेल, हेंही तो कबूल करतो.

ही मांडणी कौशल्याची खरी. पण तिला फसवणूक म्हणतां येणार नाहीं. स्टीफन टूलमिन यानें १९५८ सालीं युक्तिवादाचा जो आराखडा मांडला, त्यांत प्रतिपाद्य विधान, त्याचा आधार आणि दोहोंस जोडणारा नियम यांबरोबर अपवादालाही स्वतंत्र जागा दिलेली आहे. शास्त्रीय लेखनाची परीक्षा आमच्या मतें याच जागीं होते. लेखकानें काय सिद्ध केलें हें पाहण्यापूर्वीं, आपलें म्हणणें कशानें खोटें ठरेल हें त्यानें सांगितलें आहे काय, तें वाचकानें पाहावें.