थायरॉईड, शेवाळ आणि मेंढ्या

थायरॉईड कमी आहे असं रिपोर्टात आलं की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कुणी कांचनार गुग्गुळ सुचवतं, कुणी अश्वगंधा, कुणी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल. आमच्या टीममध्येच दोघांना हा त्रास आहे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत हा विषय नेहमीचाच. झाडपाल्यानं खरंच काही होतं का? इतिहास जरा मजेशीर आहे, बघा.

गळ्यावरच्या गाठीला जाळलेला समुद्री स्पंज द्यायची युरोपात जुनी पद्धत होती. १८११ साली बर्नार कूर्त्वा नावाचा फ्रेंच माणूस समुद्री शेवाळाच्या राखेपासून सोरा बनवत होता. एकदा सल्फ्युरिक आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ निघाली. तेच आयोडीन! १८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉ. कोयंदे यांनी ताडलं की स्पंजातला गुणही याचाच असणार, आणि ते थेट आयोडीनच देऊ लागले. म्हणजे जुना उपाय खोटा नव्हता.

पण आयोडीन हा झाला कच्चा माल. कारखानाच बंद पडला तर?

त्याचं उत्तर झाडात नाही, मेंढीत सापडलं. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी एका ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या सुधारल्या, आणि पुढे तोच अर्क पोटात घेत आणखी २८ वर्षं जगल्या. त्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्या लागल्या. १९१४ साली केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनलं. आजची सकाळची छोटी गोळी म्हणजे तेच थायरॉक्सिन.

आता आपल्याकडे या. कांचनार गुग्गुळ ग्रंथांत सांगितलाय तो गंडमाळा, गलगंड यांसाठी, म्हणजे गळ्याच्या सुजेसाठी. रक्तातलं हार्मोन मोजायची तेव्हा सोयच नव्हती. सूज आणि हार्मोनची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी. अश्वगंधेवर २०१८ मध्ये भारतात एक चाचणी प्रसिद्ध झाली: सौम्य त्रास असलेले ५० जण, आठ आठवडे. आकडे सुधारले, पण एवढ्यावर गोळी सोडता येत नाही. शिवाय अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

मीठ आयोडीनयुक्त झाल्यावर आपल्या शहरांत मुख्य कारण उरलं ते हाशिमोतो. जपानच्या हाशिमोतोंनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार. यात शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतं. इथे शेवाळाच्या कॅप्सूलमधलं जादा आयोडीन उलट त्रास वाढवू शकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर, एरर मेसेज तोच, बग वेगळा.

काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. पण गोळी बंद करून नको, आणि दिवस गेले असतील तर मुळीच नको. सुरुवातीचे काही महिने बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढत असतो.