आमचं नगर, चार वारसदार आणि एक सूत्रधार

आमच्या नगरला गावं दोन आहेत. एक जमिनीवरचं, सगळ्यांना दिसतं ते. दुसरं जमिनीखालचं. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या ठिकाणांहून गावात पाणी आणलं ते नहर खोदून आणि खापरी नळ टाकून. वरून माणसं चालत, घोडे धावत, आणि पायाखालून पाणी गुपचूप वाहत असे. अशा गावात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून एक प्रश्न छळतो : खाली काय असेल? हा प्रश्न मी शाळेत इतिहास शिकवताना मुलांना मुद्दाम विचारत असे. सनावळीला कंटाळलेला वर्ग या प्रश्नाला मात्र जागा व्हायचा.

हे आठवायचं कारण आमचा नातू. तो आणि त्याचे चार मित्र आठवड्यातून एकदा टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. त्याला पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तरी चालतं. कागद, पेन्सिल, चित्रविचित्र आकाराचे फासे आणि बोलणं, एवढंच भांडवल. एक जण सूत्रधार. तो म्हणतो, "तुमच्यासमोर बंद दरवाजा आहे, आतून कुजबुज ऐकू येते. काय करता?" बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने ठरवतात. कोणी कान लावतो, कोणी लाथ मारतो, कोणी खिडकी शोधतो. जमलं की नाही ते फासा सांगतो. या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात आणि त्यातला सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. नातवाने मला विचारलं, "आजोबा, आपलं नगर यात घालता येईल का?" म्हटलं, आधी या खेळाचा इतिहास बघतो. मास्तर माणूस, दुसरं काय करणार!

तर मंडळी, हा इतिहास मोठा गमतीचा निघाला.

याचं मूळ सैन्याच्या शाळेत आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धाचा खेळ रूढ केला. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा एक पंच. पुढे १८८० मध्ये टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याने 'स्ट्रॅटेगॉस' नावाचं तसंच पुस्तक लिहिलं. ते जुनं पुस्तक मिनेसोटा राज्यातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागलं. खेळाडूला जे सुचेल ते त्याने करून पाहावं आणि पंचाने निवाडा द्यावा, ही कल्पना त्याला तिथे सापडली.

१९६९ मध्ये वेस्लीने मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. गावाचं नाव ब्राउनश्टाइन. नवलाची गोष्ट अशी की बहुतेक खेळाडूंना त्याने सैन्य दिलंच नाही. एकाला नगराध्यक्ष केलं, एकाला सावकार, एकाला विद्यापीठाचा प्रमुख. दोन फौजा गावाकडे येताहेत, आणि मधल्या माणसांनी आपापलं हित सांभाळायचं. झालं काय, की खेळाडू वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन कानगोष्टी करू लागले, मसलती शिजल्या, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, ज्याचा नियमच तयार नव्हता! वेस्लीला वाटलं, आपला खेळ फसला. खेळाडू मात्र म्हणाले, पुन्हा कधी?

त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन नावाचा इतिहासाचा विद्यार्थी होता. १९७१ च्या सुमारास त्याने सेंट पॉल इथल्या आपल्या घराच्या तळघरात 'ब्लॅकमूर' नावाचं गाव मांडलं. खेळण्यातल्या रेल्वेच्या देखाव्यासाठी प्लास्टिकचा किल्ला मिळतो, तसला एक किल्ला त्याने मध्ये ठेवला आणि त्याच्या पोटात भुयारं कल्पिली. पुढच्या वर्षी त्याने हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्स लहानपणी गावातल्या एका ओसाड आरोग्यधामाच्या अंधाऱ्या वाटांत हिंडलेला. त्याने 'ग्रेहॉक' नावाचा किल्ला आणि शहर रचलं, आणि नव्या जगाचा नकाशा कसा केला? आपल्याच मुलखाचा आधार घेतला. शिकागोच्या जागी ग्रेहॉक, मिलवॉकीच्या जागी डायव्हर्स! १९७४ मध्ये दोघांच्या नावाने डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापून आला तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या सुमारे एक हजार. पुढे १९९१ मध्ये 'व्हँपायर' नावाचा खेळ आला. त्याने तर नाव बदलण्याचीही तसदी घेतली नाही, सरळ शिकागो शहरच पाठ्यपुस्तकासारखं मांडलं.

म्हणजे राक्षस आणि जादूगार वरचे कपडे. आत प्रत्येकाने आपलंच गाव ठेवलंय. ज्या मुलखातून आपण रोज चालतो त्याची अंतरं, वळणं, वारा आपल्याला ठाऊक असतो. खेळाडूने अचानक विचारलं, "नदी किती लांब?" तर अडखळावं लागत नाही.

आता नगरकडे वळू. मला ब्राउनश्टाइन वाचताना सारखं आठवत होतं ते १५९५ सालचं नगर. पाठ्यपुस्तकात आपण एका ओळीत संपवतो : चांदबिबीने मोगलांना तोंड दिलं. पण त्या ओळीच्या आत काय काय आहे! सुलतान मेलेला. दरबारात चार तट पडलेले आणि प्रत्येक तटाच्या खिशात आपापला वारसदार. मियाँ मंजू हा दखनी सरदार एकाला पुढे करतोय, हबशी सरदार दुसऱ्याला, अभंगखान तिसऱ्याला, आणि चांदबिबी बहादूर नावाच्या अजाण मुलाच्या बाजूने उभी. मंजूने स्वतःची बाजू राखायला अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावलं आणि मग पस्तावला. पण बोलावलेला पाहुणा दारात आला होता. सालाच्या अखेरीस वेढा पडला.

मुरादच्या लोकांनी तटाखाली सुरुंग खणले. मोगल छावणीतल्याच एकाने रात्री येऊन ही बातमी आत पोचवली. आतल्यांनी उलटं खणून काही सुरुंगांतली दारू काढून घेतली, पण एक उडालाच. तटाचा मोठा भाग कोसळला. तेव्हा चांदबिबी हातात तलवार घेऊन खिंडाराशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी करवून घेतली. १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड मोगलांना गेला, नगर तेवढं वाचलं. चार वर्षांनी, १६०० साली, दुसऱ्या वेढ्यात तिने बोलणी करायचा विचार मांडला, तर 'फितूर' म्हणून तिच्याच लोकांनी तिला मारलं. किल्ला त्यानंतर पडला.

वाचकहो, आता सांगा, यात राक्षसाची गरज आहे का?

नातवाला मी सांगितलं, तू चांदबिबी होऊ नकोस, मुरादही होऊ नकोस. ती माणसं सूत्रधाराकडे राहू देत. तुम्ही पाच जण गावातली माणसं व्हा. एक पाथरवट, त्याला तटाचा दगड न् दगड ठाऊक. एक कुंभार, नळाची खापरं घडवणारा, म्हणजे पाणी कुठून कुठे जातं ते त्याला माहीत. एक कारकून, फारसी आणि मोडी दोन्ही वाचणारा. एक सुईण, तिला कोणत्याही वाड्याचं दार उघडतं. आणि एक हबशी शिपाई, ज्याचा सरदार चौथ्याच बाजूला आहे. तटाखालून ठक् ठक् आवाज येतोय. कोणाला सांगाल? ज्याला सांगाल तो कोणत्या वारसदाराचा?

मी नातवाला एक शिस्त मात्र घालून दिली. नकाशावर तीन शाया वापरायच्या. जे इतिहासाला नक्की ठाऊक आहे ते निळ्या शाईने. जे लोक सांगतात ते हिरव्या शाईने. जे आपण रचलं ते लाल शाईने. सुरुंग आणि तह निळे. गोळे संपल्यावर तोफांत सोन्याचांदीची नाणी भरली ही कथा हिरवी. किल्ल्याच्या कामावरल्या मजुरांच्या एकेका दमडीतून दमडी मशीद उभी राहिली, हीसुद्धा हिरवी. आपला कुंभार आणि सुईण लाल. रंग मिसळू द्यायचे नाहीत. शाहडोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत घ्या. सगळं गाव तिला चांदबिबीचा महाल म्हणतं, ती आहे सलाबतखानाची कबर. नाव हिरव्या शाईने लिहायचं, कबर निळ्या. दोन्ही ठेवायचं, कारण गावाने तिला महाल का म्हटलं हाही इतिहासच आहे.

ही शिस्त मला खेळापेक्षा महत्त्वाची वाटते. हल्ली जुना इतिहास निघाला की माणसं लगेच दोन रांगांत उभी राहतात, आपले आणि परके. खेळात तर शत्रू लागतोच, आणि आपलं गाव खेळात घातलं की शत्रू शेजाऱ्याच्या चेहऱ्याचा निघण्याचा धोका असतो. पण नगरचा इतिहास दोन रांगांत बसतच नाही. हे राज्य स्थापणाऱ्या मलिक अहमदचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असं फरिश्ता लिहितो. मालोजी भोसले निजामशाहीचे चाकर. त्यांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली ती नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून, अशी परंपरा आहे, आणि त्या पिराचा दर्गा इथेच आहे. वेढा घालणारा मुराद मुसलमान, वेढ्यातले सरदार मुसलमान, आणि आतले गावकरी सगळ्या जातींचे. सुरुंग उडाला तो कोणाची जात विचारून उडाला नाही. खेळणाऱ्या मुलाला हे भाषण देऊन कळत नाही. 'आता कोणावर विश्वास ठेवू?' असा पेच पडला की कळतं.

२०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. याच जिल्ह्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. तोंडात मात्र अजून 'नगर' हाच शब्द बसलाय. नकाशावर मी तिन्ही नावं लिहायला सांगितली, ज्या सालचा खेळ त्या सालचं नाव.

एक सावधगिरी. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक विद्यार्थी नाहीसा झाला. तो तिथल्या वाफेच्या नळांच्या भुयारांत हा खेळ खेळताना हरवला, असं वर्तमानपत्रांनी छापलं. पुढे कळलं की त्याच्या अडचणी वेगळ्याच होत्या, खेळाचा काही संबंध नव्हता. तरी खेळाला डाग लागला तो लागलाच. म्हणून पोरांना निक्षून सांगितलंय : खरा नहर दिसला तर वरून बघायचा, आत शिरायचं नाही. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, तिथे परवानगीनेच जायचं. भुयार फक्त कागदावर.

आणि १५९५ कंटाळवाणं वाटलं तर पुढची पानं आहेतच. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजा शिड्या लावून पेठेत उतरल्या, चार दिवसांनी किल्ला गेला. सिंथिया फरार बाईंच्या संस्थेत सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला आल्या. १९४२ ते ४५ याच किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'. १९१८ साली इथे जन्मलेलं एका आयरिश शिपायाचं पोर पुढे स्पाइक मिलिगन म्हणून साऱ्या इंग्लंडला हसवत राहिलं. एका गावात किती गावं!

तुमचं गाव एवढं जुनं नसेल, किल्लाही नसेल. बिघडलं नाही. एक आड, एक पार, एक पडका वाडा आणि दोन भावकींतलं जुनं भांडण एवढ्यावर खेळ उभा राहतो. फक्त नकाशा काढायला बसलात की कळेल, आपल्याला किती ठाऊक नाही. पाणी कुठून येत होतं? वेशीची किल्ली कोणाकडे असे? रात्री वेशीबाहेर कोणाला राहावं लागे, आणि का? हे प्रश्न घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे जावं लागेल. ती आहेत तोवर जा. त्यांच्याबरोबर हिरवी शाई संपते, आणि ती बाजारात मिळत नाही.