वाळूत जिरलेली थरथर

चांगला आवाज ऐकायला खिसा जड असावा लागतो का? या प्रश्नावर मला गिल्बर्ट ब्रिग्ज आठवतो. यॉर्कशरचा हा गृहस्थ कापडधंद्यातला. मंदीचे दिवस होते. १९३२ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्याने इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतले. 'व्हार्फडेल' ही कंपनी तिथलीच.

१९४८ मध्ये त्याने सामान्य माणसाला कळेल असे 'लाउडस्पीकर्स' हे पुस्तक लिहिले. मंडळी, स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो, तेव्हा मागची ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींत मिसळली, की खर्ज विरतो. म्हणून पेटी लागते. पण पेटीच्या फळ्याच थरथरल्या, तर मूळ स्वर गढूळ होतो. जाड, महाग लाकूड परवडत नसेल तर? ब्रिग्जचा तोडगा असा: प्लायवुडच्या दोन पातळ फळ्या आणि मधे कोरडी वाळू. कणाला कण घासतो, थरथर तिथेच जिरते.

१९५४ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ठेवून लोकांना ऐकवले.

पेटी घरी करायला शिकवण्यात त्याचा धंदाही होताच. आतला स्पीकर तोच विकत होता. तरीही मला त्याचे मोल वाटते. ज्याच्याकडे पैसे कमी होते, त्याच्या हाती त्याने करवत दिली आणि कारणही समजावून सांगितले. कारण कळले, की गरिबाची वस्तू कामचलाऊ राहत नाही.