कारंज्याची राहिलेली फेरी



बरेच दिवसांत इथे काही लिहिले नाही. डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पावसाळा. असो.

भाच्याचा मुलगा नोकरीसाठी आयर्लंडला आहे. मागे त्याने लिस्टोवेल नावाच्या गावाचे फोटो पाठवले. केरी परगण्यातले लहानसे बाजाराचे गाव, पण ओळखले जाते लेखकांचे गाव म्हणून. जॉन कीन हा नाटककार तिथे दारूचे दुकान चालवायचा आणि ब्रायन मॅकमहॉन हा कथाकार तिथल्याच शाळेत मास्तर होता. 'आजोबा, तुमच्यासारखा मास्तर!' असे खाली लिहिले होते. (मी एकही कथा लिहिलेली नाही, हे त्याला कोणी सांगावे!) फोटो बघताना मला आपले कारंजा आठवले, आणि एक जुनी टोचणीही.

अकोल्याकडच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो. नववीच्या वर्गात लेखक आणि त्यांची गावे असे काहीतरी चालले होते. मामाकडे शिकायला राहिलेला कारंज्याचा एक मुलगा उठला. "सर, आमच्या कारंज्याचं काहीच नाही का?" मी म्हणालो, "तुमचे कारंजे कापसासाठी प्रसिद्ध, बाळा. पुस्तकांसाठी नाही." वर्ग हसला. तो खाली बसला.

कापसाचे मी म्हणालो ते काही खोटे नव्हते. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजाराचा कायदा त्यानंतर, १८९७ साली आला. आमचे वडीलही तिथे कापूस न्यायचे. मी लहानपणी मूर्तिजापूरहून शकुंतलेत बसून कारंज्याला गेलो आहे. आता ती गाडी बंद पडली आहे, त्यामुळे या वेळी एसटीच.

निवृत्तीनंतर ग्रंथालयात 'णायकुमारचरिउ' नावाचे पुस्तक हातात पडले आणि मी चाट पडलो. संपादक प्रा. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. प्रकाशनाचे वर्ष १९३३, आणि प्रकाशनाचे ठिकाण कारंजा!

गोष्ट अशी. कारंजा हे जुने श्रीमंत व्यापारी गाव. इतके, की सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजा थेट इथवर आल्या. इथे बलात्कारगण आणि सेनगण या जैन परंपरांच्या भट्टारकांच्या गाद्या होत्या. पोथी नकलून घेऊन मंदिराला देणे हे पुण्याचे काम, त्याला शास्त्रदान म्हणत. तेजीमंदी करणाऱ्या हातांनीच या पोथ्यांचे पैसे मोजले, आणि ज्यांना त्यातले अक्षर कळत नसेल त्यांनीही त्या जपल्या. काष्ठासंघाचे धरून तिन्ही मंदिरांत भांडारे साठली.

रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची मोठी सूची नागपुरात छापली, तीत कारंज्याच्या पोथ्या आल्या. (हे हिरालाल वेगळे, कटनीचे. माझाही आधी गोंधळ झाला होता.) त्यातल्या कित्येक अपभ्रंश भाषेतल्या, म्हणजे प्राकृत आणि आपल्या मराठी-हिंदीच्या मधल्या पायरीच्या. तोवर अपभ्रंशातले ग्रंथ छापलेले असे फार थोडे होते. कारंज्याचे गोपाळ अंबादास चवरे यांनी पैसा दिला आणि ग्रंथमाला निघाली. पहिले 'जसहरचरिउ' १९३१ साली डॉ. प. ल. वैद्यांनी संपादले, पुढे 'पाहुडदोहा', 'करकंडचरिउ' वगैरे हिरालालजींनी. 'करकंडचरिउ'त धाराशिवच्या लेण्यांची हकीगत आहे, म्हणजे आपल्याच मुलखाची.

'णायकुमार' म्हणजे नागकुमार. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटात, पुष्पदंताने हे काव्य रचले. आम्ही वऱ्हाडी लोक 'ण'चा 'न' करतो, पानी-लोनी म्हणतो, म्हणून पुण्याकडचे हसतात. इथे तर उलटेच, 'न'चा 'ण'! मी एकटाच ग्रंथालयात हसलो.

हिरालालजी १९७३ साली वारले. मी त्याआधीच अमरावतीत बी.ए. झालो होतो. ज्या गावात त्यांनी हे काम केले तिथे तीन वर्षे सायकल फिरवली आणि कधी एका शब्दाने कोणाला विचारले नाही. आपण विचारायचेच नाही आणि वर वर्गात सांगायचे, इथे काही नाही!

तर परवा गेलो. रिक्षावाला म्हणाला, "गुरुमंदिरात ना?" तेही बरोबरच. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मगाव, गुरुचरित्रामुळे घराघरांत पोचलेले. बहुतेक माणसे त्याचसाठी येतात. मी म्हणालो, आधी जैन मंदिरात. "तुमी जैन हाय का?" "नाही, मास्तर आहे." त्याने आरशातून माझ्याकडे नीट बघून घेतले.

काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम बघत मी बराच वेळ उभा राहिलो. पोथ्या दाखवा म्हणायचे धाडस झाले नाही. मला त्या थोड्याच वाचता येणार होत्या! नंतर गुरुमंदिरात दर्शन घेतले, दिल्ली वेशीपाशी चहा घेतला. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट चहावाल्याने न विचारता सांगितली. कोण्या सावकाराने म्हणे उंटांवरची सगळी कस्तुरी विकत घेऊन घराच्या गाऱ्यात कालवली. खरेखोटे देव जाणे, पण सांगताना तो फार खुशीत होता. मग मीही त्याला णायकुमाराची गोष्ट सांगितली. "आमच्या गावात?" म्हणाला, आणि चहाचे पैसे घेईना. मी बळेच दिले.

त्या मुलाचे आडनाव मला पक्के आठवते, नाव आठवत नाही. आता तोही पन्नाशीच्या पुढे असेल. बाजारात दोन दुकानांत विचारले. त्या आडनावाची बरीच घरे आहेत म्हणाले, नाव सांगा. नाव काही आठवले नाही, आणि तेवढ्यात मूर्तिजापूरची गाडी लागली.